हायपोची बादली आणि सासूबाईंचा हिशेब

प्रिय डॉक्टर मॅडम,

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी हॉस्पिटलात ठेकेदाराकडून हाऊसकीपिंगला आहे. सात वर्षं झाली, पगार १४,००० रुपये. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत मला दिवस गेलेले होते, तिसरा-चौथा महिना. तेव्हा दिवसातून तीन-तीनदा हायपोने (क्लोरीनचं जंतुनाशक, सोडियम हायपोक्लोराइट) फरशी आणि बेड पुसायचो, संध्याकाळी पाठीवर पंप लावून फवारणी. डोळ्यांतून पाणी यायचं, पण सगळ्याच जणी करत होत्या. माझा मुलगा आता सव्वाचार वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असल्यापासून सर्दी झाली की त्याची छाती वाजते. दोनदा ॲडमिट केला. डॉक्टर बाळदमा म्हणतात, तोंडाने ओढायचा पंप (इनहेलर) दिलाय. सासूबाई येता-जाता म्हणतात, "तुझ्या त्या औषधांच्या वासानंच पोराची छाती गेली." आमच्या सासऱ्यांना दमा होता, पण त्या म्हणतात तो म्हातारपणाचा. मी रडून घेते. शेजारीण म्हणते पंपाची सवय लागते, म्हणून बरं वाटलं की मी पंप बंद करते. आता मला पुन्हा तिसरा महिना लागलाय. कामावर अजून सांगितलं नाही. मिस्टर म्हणतात नोकरी सोड. ते स्वतः फक्त गॅलरीत सिगारेट ओढतात, घरात नाही. मॉप मारल्यावर माझाही हल्ली घसा धरतो, छाती आवळल्यासारखी होते, रविवारी बरं असतं. खरंच माझ्यामुळे झालं का? नोकरी सोडू का? आणि पंपाचं काय करू?

— एक आई

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचे तीन प्रश्न दिसले. दुसऱ्या वाचनात तुम्ही जाता जाता लिहून गेलेल्या तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारली: सासऱ्यांचा दमा, गॅलरीतली सिगारेट, आणि रविवारी बरी वाटणारी तुमची छाती. प्रश्नांची उत्तरं देते, पण वाट या तीन रेघांवरूनच जाते.

आधी सासूबाईंचा हिशेब तपासू. आई कामावर जी हवा घेते तिचा पोटातल्या बाळाच्या छातीशी काही संबंध असतो का? असतो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सात वर्षांच्या ४५,६५८ मुलांच्या नोंदी काढल्या आणि गरोदरपणी त्यांच्या आया कोणतं काम करत होत्या ते त्यांच्याशी जोडून पाहिलं. रंग, प्लॅस्टिक, वायरी अशा कामांत हलक्या रेणूंच्या रसायनांशी संबंध आलेल्या आयांच्या मुलांत १८.६ टक्क्यांना दमा निघाला. एकूण मुलांत तेच प्रमाण १६.१ टक्के होतं. तुमच्या कामाशी जास्त जवळचा अभ्यास जपानचा आहे, २०२२ चा. त्यांनी ७८,९१५ आया आणि त्यांची तीन वर्षांची मुलं पाहिली. गरोदरपणी कामावर रोज जंतुनाशक हाताळणाऱ्या आयांच्या मुलांत दम्याची शक्यता, कधीच न हाताळणाऱ्यांच्या मुलांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होती. इसब २९ टक्क्यांनी जास्त. आठवड्यातून एक ते सहा वेळा हाताळणाऱ्या मधल्या पायरीवर होत्या.

"२६ टक्के" असा आकडा वाचला की पोटात गोळा येतो, म्हणून तो सोडवून सांगते. शंभरातल्या २६ मुलांना दमा होतो, असा त्याचा अर्थ नाही. समजा एरवी शंभरातल्या दहा मुलांना दमा होणार असेल, तर रोज जंतुनाशक हाताळणाऱ्या शंभर आयांच्या मुलांत तो बारा-तेरा जणांना होईल. त्यातल्या दहांना तो तसाही झालाच असता. वाढले ते दोन-तीन. आता तुमचा मुलगा त्या दहांतला की वरच्या दोन-तिनांतला, हे सांगणारी तपासणी जगात कुठेच नाही. रक्ताची नाही, थुंकीची नाही, एक्स-रेची तर नाहीच. सासूबाईंना ती सापडली असेल तर मला जरूर कळवा, आम्हा डॉक्टरांची मोठी सोय होईल.

आणि "म्हातारपणाचा दमा" हे मी ओपीडीत इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्याच जागी थांबवून विचारते, "ते तरुणपणी धुळीत गेले की शिंकायचे का? पावसाळ्यात रात्री उठून बसायचे का?" निम्म्या वेळा उत्तर "हो" येतं. विडी-सिगारेटने म्हातारपणी बंद झालेली छाती वेगळी असते आणि लहानपणापासूनचा ॲलर्जीचा दमा वेगळा. सासऱ्यांचा दुसरा प्रकार असेल, आणि तुमच्या मिस्टरांना सकाळी उठल्या उठल्या दहा शिंका येत असतील, तर दमा घराण्यातच आहे. आई-वडिलांपैकी एकाला ॲलर्जी किंवा दमा असणं हे बाळदम्याचं फार जुनं आणि पक्कं कारण. यात त्यांचाही दोष नाही हं. नाक जसं घराण्यातून येतं तशी श्वासनळीही येते.

आणखी एक. दीड वर्षाच्या मुलाची छाती सर्दीत वाजली म्हणजे तो जन्मभराचा दमेकरी झाला, असं नसतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात बाळांना जन्मापासून मोजत राहिलेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्याचे १९९५ साली छापलेले आकडे असे: पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजली, त्यांतल्या साधारण साठ टक्के मुलांची सहा वर्षांपर्यंत वाजायची थांबली होती. तुमचा मुलगा सव्वाचारचा आहे, दोनदा ॲडमिट झालाय, घराण्यात दमा आहे. म्हणून त्याचे डॉक्टर सावध आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण निकाल अजून लागलेला नाही.

आता गॅलरी. मिस्टर बाहेर ओढतात म्हणजे त्यांना घरच्यांची काळजी आहे, एवढं श्रेय त्यांना देते. पण आपल्या इमारतींतली गॅलरी म्हणजे हॉलचंच एक तोंड. धूर दारातून आत येतो, शर्टला, मिशीला, हाताला चिकटून येतो आणि मग बाबा मुलाला कडेवर घेतात. गरोदर बाईच्या आसपासचा सिगारेटचा धूर आणि मुलाचा दमा यांचं नातं हायपोपेक्षा कितीतरी पक्कं आहे. नोकरी सोडायचा सल्ला देण्याआधी त्यांनी सिगारेट सोडली असती, तर त्या सल्ल्याला वजन आलं असतं. हे वाक्य त्यांना माझ्या नावावर वाचून दाखवा.

घरात मच्छरची कॉइल लावत असाल तर तीही बंद करा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं मोजलं गेलंय. डासांना मच्छरदाणी. सासूबाईंची संध्याकाळची धूपकांडी देव्हाऱ्यातून काढा असं सांगायची हिंमत माझ्यात नाही, मीही त्याच घरांतली आहे. निदान मूल झोपतं त्या खोलीत ती नको, आणि खिडकी उघडी असू द्या. तुपाच्या निरांजनावर देव रागावल्याचं ऐकिवात नाही.

हे झालं मुलाचं. आता तिसरी रेघ, आणि खरं सांगते, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. काम केलं की घसा धरतो, छाती आवळते, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. कामामुळे होणाऱ्या दम्याची पहिली ओळख नेमकी अशीच असते. तुम्ही पाच वर्षांपूर्वीच्या बाळाचा दोष शोधताय आणि आज तुमच्या स्वतःच्या छातीत काय चाललंय ते एका ओळीत उरकलंत. बायका अशाच लिहितात. गरोदरपणी आईचा दमा आटोक्यात नसेल, तर बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो, बाळ लहान भरू शकतं, दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मू शकतं. म्हणून या आठवड्यात ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यात जा आणि नीट सांगा की मला तिसरा महिना आहे आणि कामावर छाती आवळते. फुंकायची एक छोटी प्लॅस्टिकची नळी मिळते, पीक फ्लो मीटर. दिवसातून चारदा फुंकून आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्याही. दोन-तीन आठवड्यांत त्या वहीकडे पाहून डॉक्टरला अंदाज येतो. कामावरचे आकडे खाली आणि रजेतले वर, असं दिसलं तर ती वही जपून ठेवा. कामातून होणारा दमा हा ईएसआयच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. आणि तुम्हाला पंप दिला, तर "पोटुशी बाईनं औषध घेऊ नये" म्हणून तो कपाटात ठेवू नका. बुडेसोनाइडचा (श्वासनळीची सूज उतरवणाऱ्या औषधाचा) पंप गरोदर बायका वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत. बाळाला धोका पंपाचा नसतो, अंगावर काढलेल्या दम्याचा असतो.

मी निवासी डॉक्टर असताना मला दिवस गेले होते. आमच्या वॉर्डच्या कोपऱ्यात उपकरणं बुडवायची ग्लुटाराल्डिहाइडची ट्रे असायची, झाकण कायम अर्धवट. त्या कोपऱ्यात गेलं की डोळे चुरचुरायचे, नाकात सुई टोचल्यासारखं व्हायचं. मी डॉक्टर, तरी मला "तू तिकडे उभी राहू नकोस" असं कुणी म्हटलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. वास येतो म्हणजे स्वच्छता होते, असा आपल्याकडचा समज. त्यामुळे तुम्ही २०२१ मध्ये गप्प राहून काम केलंत याबद्दल स्वतःला बोल लावत असाल, तर त्या रांगेत मी तुमच्या बरीच पुढे उभी आहे.

त्या वर्षीच्या बादलीबद्दलही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच लिहिलं होतं की फरशी-बेड पुसायला ०.१ टक्का हायपो पुरतो, रक्त सांडलं असेल तिथे ०.५ टक्का, आणि खोल्यांतून सरसकट फवारणी करू नये, कारण ती करणाऱ्याच्या छातीला आणि डोळ्यांना इजा होते. आपल्याकडच्या सरकारी सूचनांत आकडा १ टक्का होता, म्हणजे त्या पहिल्या आकड्याच्या दहापट. त्यावर ठेकेदाराच्या माणसाने "अंदाजाने" ओतलेला, मोजायचा मग हरवलेला. तुमच्या डोळ्यांतलं पाणी तिथून आलं होतं. त्या बादलीत किती ओतायचं हे तुम्ही ठरवलं नव्हतं, पाठीवरचा पंप तुम्ही मागवला नव्हता, आणि हिशेब मात्र तुमच्या पदराला बांधला जातोय. सासूबाईंवर मी रागावत नाही, नातवाला रात्री धाप लागलेली पाहून त्यांनाही कुठेतरी बोट दाखवायचं असतं. पण बोट चुकीच्या दिशेला आहे.

ती बादली आजही रोज तुमच्या हातात येते, म्हणून थोडी कामाची गोष्ट. १० टक्क्यांचा कॅन असेल तर १ टक्क्याच्या पाण्यासाठी १ लिटर औषधात ९ लिटर पाणी. ०.१ टक्का हवा असेल तर १० लिटरच्या बादलीत फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक भरलेला कप. फरक केवढा आहे बघा. पाणी थंडच घ्या, गरम पाण्यात हायपोचा वायू जास्त सुटतो. आणि संडासाच्या ॲसिडबरोबर हायपो कधीही, कुठल्याही कारणाने मिसळू नका. पिवळे डाग निघत नाहीत म्हणून दोन्ही ओतणाऱ्या मावशी मी पाहिल्यात, आणि त्यातल्या एकीला क्लोरीनने गुदमरून आमच्याच कॅज्युअल्टीत आणलेलंही पाहिलंय. लघवी सांडलेल्या जागी थेट हायपो ओतला तरी त्रासदायक वायू निघतो. आधी पुसून घ्यायचं, मग औषध. फवाऱ्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं केव्हाही बरं, कारण फवाऱ्याचे बारीक थेंब सरळ छातीत जातात. आणि तो निळा सर्जिकल मास्क? तो थुंकीचे थेंब अडवतो. क्लोरीनच्या वासापुढे तो आणि साडीचा पदर सारखेच. मास्क लावलाय म्हणून कोंदट बाथरूममध्ये जास्त वेळ थांबत असाल, तर उलटं नुकसान.

पण हे सगळं करूनही या नऊ महिन्यांत काही कामं तुमच्या वाट्याला यायलाच नकोत: ऑपरेशन थिएटरमधलं फॉर्मालिनचं किंवा कुठलंही फॉगिंग (जंतुनाशकाची धुरासारखी फवारणी), ग्लुटाराल्डिहाइडची ट्रे भरणं-ओतणं, आणि बंद खोलीत हायपो.

इथे आपल्या कायद्याची एक गंमत सांगते, म्हणजे गंमत कसली. पोटातल्या बाळाच्या श्वासनळ्यांच्या फांद्या फुटायचं काम पाचव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं आणि सोळा-सतराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होतं. पुढे त्या फक्त लांब-रुंद होतात, शेवटचे फुगे भरतात, पण झाडाचा सांगाडा तोवर ठरलेला असतो. आणि १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गरोदर बाईला जड, दगदगीच्या कामातून सूट मागता येते ती कधी? बाळंतपणाच्या तारखेच्या सहा आठवड्यांआधीच्या एका महिन्यात. म्हणजे तिसावा आठवडा उजाडल्यावर. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण त्यातही रोख तोच: दगदगीचं काम, तासन् तास उभं राहणं, किंवा गरोदरपणाला, बाळाच्या वाढीला बाधा येईल असं काम. बादलीतला वायू त्यात स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. युरोपातल्या देशांना १९९२ च्या एका नियमाने बंधन आहे की बाई गरोदर असल्याचं कळलं की मालकाने तिच्या कामातले धोके तपासायचे, काम बदलायचं, बदलता येत नसेल तर दुसरीकडे हलवायचं, तेही जमत नसेल तर रजा द्यायची. आपल्याकडे पाचवा महिना पोटावर दिसेपर्यंत बाई सांगत नाही, कारण सांगितलं तर ठेकेदार दुसरी बाई आणेल ही भीती. आणि दिसायला लागतं तोवर फांद्या फुटून झालेल्या असतात.

म्हणून ताई, कामावर अजून सांगितलं नाही, हे तुमचं वाक्य या आठवड्यात बदला. ठेकेदाराच्या सुपरवायझरला आधी गाठू नका. हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स असतात, तिथून सुरुवात करा. कोणतं औषध कुठे, किती टक्के, हे त्यांनाच माहीत असतं, आणि माझा अनुभव असा की सगळ्या इमारतीत हायपोच्या टक्केवारीवर भांडायला तयार असलेलं तेच एक माणूस असतं. मग अर्ज. लांबलचक नको. एवढंच लिहा:

"मी गरोदर असून मला तिसरा महिना सुरू आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार (चिठ्ठी सोबत) मला फॉगिंग, फॉर्मालिन, ग्लुटाराल्डिहाइड आणि बंद जागेत हायपोक्लोराइटचं काम देऊ नये. त्याऐवजी लिनन, पॅन्ट्री, रेकॉर्ड किंवा ओपीडीचं काम द्यावं, ही विनंती."

दोन प्रती काढा. एकीवर तारखेसह पोच घ्या, सही-शिक्का. पोच देत नसतील तर ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाका, "दिला आहे" असं लिहून. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरला "लाइट ड्युटी" एवढंच लिहू देऊ नका. लाइट ड्युटी म्हटलं की सुपरवायझर जड बादली काढून घेतो आणि हातात स्प्रेची बाटली देतो. औषधांची नावं लिहूनच घ्या.

नोकरी सोडू का, हा दुसरा प्रश्न. काम बदलून मिळत असेल तर सोडू नका, असं माझं स्पष्ट मत. तुमचा पगार २१,००० च्या आत आहे म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये असायला हव्यात. पगाराच्या चिठ्ठीत ०.७५ टक्के कापले जातात का बघा, १४,००० वर १०५ रुपये. आणि कापलेले खरंच भरले जातात का तेही बघा. ईएसआयच्या पोर्टलवर तुमच्या नंबराने दिसतं, ते जमत नसेल तर दवाखान्यातल्या खिडकीवर विचारा. ठेकेदार बदलला की मधले दोन-चार महिने गायब होणं, ही जुनी खोड आहे. ठरलेल्या काळात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर दुसऱ्या बाळंतपणालाही २६ आठवडे पूर्ण पगाराने मिळतात, त्यातले आठ आठवडे आधीही घेता येतात. त्या २६ आठवड्यांत तुम्ही, बाळ आणि थोरला, तिघं हायपोच्या वासापासून दूर असाल, तेही पगारासकट. मिस्टरांना या भाषेत सांगितलं तर लवकर पटेल. काम बदलून देत नाहीत आणि छाती दर आठवड्याला आवळतेच आहे, असं झालं तर मात्र ईएसआयच्या डॉक्टरांकडून आजारपणाची रजा घ्या आणि मला पुन्हा लिहा.

घरी एक छोटी गोष्ट आजपासून करता येईल: कामावरून आलात की युनिफॉर्म बदलून, हातपाय धुऊन मगच मुलाला उचला. तो दारात धावत येतो हे मला माहीत आहे. दोन मिनिटं थांबव म्हणून आजीला सांगा. या घराच्या हिशेबात त्यांच्याही वाट्याला एखादं काम असू दे.

आता पंप. शेजारणीला नमस्कार सांगा आणि तिचं ऐकू नका. सवय लागते तंबाखूची. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. धाप लागली की दवाखान्यात स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पातळ औषध देतात ना, त्यातल्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम असतात. तुमच्या मुलाच्या पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा असेल, तर पन्नास दाब झाले तेव्हा वजनाने ती एक गोळी होते. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची उंची मोठेपणी सरासरी सेंटिमीटरभर कमी भरते, हेही खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण दर पावसाळ्यात ॲडमिट होणारं, रात्री झोप न मिळणारं मूलही काही ताडमाड वाढत नाही.

तुमच्याकडे बहुधा दोन पंप असतील. निळा तातडीचा, धाप लागली की. दुसरा रोजचा, श्वासनळीची सूज उतरवणारा. तो बरं वाटलं म्हणून बंद करायचा नसतो. बरं वाटतंय ते त्याच्यामुळेच. कधी कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही बंद-चालू करता, त्यामुळे प्रत्येक सर्दीला पुन्हा पहिल्यापासून.

आणि पंप द्यायची पद्धत पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर करून दाखवा, कारण दहातली सात घरं इथेच चुकतात (हा माझ्या ओपीडीचा अंदाज, शास्त्र नव्हे). पंप हलवा. स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्या मधल्या प्लॅस्टिकच्या नळीला) लावा. मास्क नाका-तोंडावर घट्ट, कडेने हवा जायला नको. एकच दाब. मग त्याला पाच-सहा श्वास घेऊ द्या, तुम्ही मोठ्याने मोजा, पोरांना मोजायला आवडतं. दुसरा दाब द्यायचा असेल तर पुन्हा हलवून, अर्ध्या मिनिटाने. दोन दाब एकदम मारले की निम्मं औषध नळीच्या भिंतीला चिकटतं. रडत असेल तर थांबा, हुंदक्यांत औषध छातीपर्यंत पोचतच नाही. झालं की चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा पुसा, नाहीतर तोंडात पांढरं पडतं. आता तो चार वर्षांचा झाला, थोड्या दिवसांत मास्क काढून थेट तोंडात नळी धरायला शिकेल. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, बोलताना वाक्य तुटतं किंवा ओठ निळसर दिसतात, असं दिसलं तर निळा पंप देत देत सरळ हॉस्पिटल गाठा. मिस्टर घरी यायची वाट पाहू नका.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून बुडवा आणि तसाच, न पुसता, उभा ठेवून वाळू द्या. फडक्याने घासला की प्लॅस्टिकवर वीज भरते आणि औषध आतच चिकटून राहतं. आणि तुमच्या कामाच्या सवयीने तो हायपोत बुडवू नका.

— तुमची डॉक्टर